प्राणवायूची मात्रा आणि अंधत्वाची साथ

१९४१ ते १९५३ या काळात जगभरात सुमारे १०,००० अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली. त्यांपैकी ७,००० च्या आसपास एकट्या अमेरिकेतली होती. ही साथ कोणत्या जंतूने आणलेली नव्हती आणि दारिद्र्याशीही तिचा संबंध नव्हता. उलट जिथे पैसा, यंत्रे आणि तज्ज्ञ मुबलक होते तिथेच तिचा जोर जास्त होता. बाळ जगावे म्हणून त्याच्या काचेच्या पेटीत सोडलेला प्राणवायूच या अंधत्वाचे कारण होता, हे सिद्ध व्हायला तेरा वर्षे लागली. पुढे प्राणवायूला आवर घातल्यावर अंधत्व ओसरले. पण त्या आवराने किती बाळे दगावली, याचा हिशेब मांडायला आणखी वीस वर्षे गेली.

बॉस्टनमधले बालरोगतज्ज्ञ स्ट्यूअर्ट क्लिफर्ड फेब्रुवारी १९४१ मध्ये रॉक्सबरी भागातल्या एका घरी बाळाला नेहमीप्रमाणे तपासायला गेले. बाळ अपुऱ्या दिवसांचे होते, पण आता चांगले बाळसे धरत होते. त्याचे डोळे मात्र कशावरही ठरत नव्हते, सैरभैर फिरत होते, आणि बाहुल्यांमागे करडा पडदा दिसत होता. क्लिफर्ड यांनी नेत्रतज्ज्ञ पॉल चँडलर यांना बोलावले. त्यांनाही असे काही पूर्वी पाहिल्याचे आठवेना. थोड्याच दिवसांत तसेच दुसरे बाळ आढळले. त्याच शहरातले नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अशी बाळे शोधून १९४२ मध्ये या आजारावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला. भिंगामागे तंतुमय ऊतक माजते म्हणून आजाराला रेट्रोलेंटल फायब्रोप्लेझिया असे नाव पडले. गर्भावस्थेत डोळ्यात असणाऱ्या आणि जन्मापूर्वी विरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या इथे विरतच नाहीत, अशी टेरी यांची समजूत होती. म्हणजे दोष जन्मजात ठरत होता. १९४६ मध्ये टेरी वारले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या विल्यम आणि एला ओवेन्स या दांपत्याने बाळांचे डोळे जन्मापासून पुन्हा पुन्हा तपासून ही समजूत मोडीत काढली. जन्मताना डोळे ठीक असत आणि आजार पुढच्या काही आठवड्यांत, म्हणजे रुग्णालयाच्याच देखरेखीखाली, सुरू होई. तेव्हा कारण आईच्या पोटात न शोधता उपचारांत शोधायला हवे होते.

त्या उपचारांत प्राणवायूचा वाटा मोठा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही सेकंद भराभर श्वास, मग थांबा, मग पुन्हा श्वास, असे चालू राहते. डेट्रॉइटमध्ये जेम्स विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दाखवले की हवेतला प्राणवायू वाढवला की हा खंडित श्वास सुरळीत होतो. याच सुमारास प्राणवायू टिकवून धरणारे, जवळजवळ हवाबंद इन्क्युबेटर बाजारात आले आणि मोठ्या रुग्णालयांत भिंतीतून नळ्या फिरल्या. निळसर पडलेले बाळ तोटी फिरवताच गुलाबी होते, हे डोळ्यांसमोर घडत असताना शंका घ्यायला जागाच नव्हती. अडचणीत नसलेल्या बाळालाही मग आठवडेच्या आठवडे ५० ते ७० टक्के प्राणवायूच्या हवेत ठेवले जाऊ लागले. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. आईच्या पोटात तर गर्भाच्या धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर पारा इतका, म्हणजे प्रौढाच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतो. पण तेव्हा जास्त प्राणवायूने अपाय होईल असे फारसे कोणाच्या मनातही आले नाही.

संशयितांची यादी मात्र लांबतच गेली. उजेड, जीवनसत्त्वे, लोह, गाईचे दूध, रक्त देणे, संसर्ग, आईचे आजार अशी पन्नासच्या आसपास कारणे वेगवेगळ्या लोकांनी पुढे केली. ओवेन्स दांपत्याला ई जीवनसत्त्वाने आजार टळतो असे सुरुवातीला दिसले. दुसऱ्यांनी करून पाहिले तेव्हा तो गुण आला नाही. १९४९ मध्ये एव्हरेट किन्से आणि लिओना झकारायस यांनी आजार वाढत गेला त्या वर्षांत बाळांच्या उपचारांत काय काय वाढले याचा आढावा घेतला. लोह आणि जीवनसत्त्वांची द्रावणे वाढली होती आणि प्राणवायूही वाढला होता. पहिल्या दोहोंचे नाते अधिक पक्के वाटले आणि प्राणवायू नजरेआड राहिला.

याच वर्षांतला न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधला प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. तिथले तरुण डॉक्टर विल्यम सिल्व्हरमन यांनी एका बाळाचे डोळे बिघडू लागलेले पाहून एसीटीएच हे तेव्हा नवे असलेले संप्रेरक देऊन पाहिले. डोळे सुधारले. मग ते आणखी बाळांना दिले. उपचार मिळालेल्या ३१ बाळांपैकी २५ जणांची दृष्टी शाबूत राहिली, तर शहरातल्याच लिंकन हॉस्पिटलमध्ये एसीटीएच न मिळालेल्या ७ बाळांपैकी ६ आंधळी झाली. एवढा फरक पाहून कोणीही उपचार सिद्ध झाला असे म्हटले असते, आणि पुष्कळांनी म्हटलेही. सिल्व्हरमन थांबले. दोन रुग्णालयांत एसीटीएचखेरीज इतर पुष्कळ गोष्टी निराळ्या असू शकतात, हे त्यांना खटकत होते. त्यांनी एकाच ठिकाणची बाळे घेतली आणि कोणाला औषध द्यायचे ते दैवावर सोडले. खोक्यात हात घालून रंगीत गोटी काढायची आणि तिच्या रंगावरून ठरवायचे. निकाल उलटा लागला. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांची दृष्टी गेली, न मिळालेल्यांपैकी एक पंचमांश बाळांची. औषधाच्या गटात मृत्यूही जास्त होते. आधीचे यश खोटे होते, कारण या आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतून बहुतेक बाळे आपोआपच बरी होतात.  

प्राणवायूकडे पहिले बोट दाखवले ते ऑस्ट्रेलियातून. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कँबेल यांनी १९५१ मध्ये शहरातल्या तीन संस्थांमधल्या १८१ बाळांची तुलना केली. एका संस्थेत प्राणवायू भरपूर दिला जात असे. तिथे १९ टक्के बाळांना हा आजार झाला. इतर दोन ठिकाणी तो बेताने दिला जाई आणि तिथले प्रमाण ७ टक्के होते. यांपैकी एका ठिकाणी प्राणवायूचे पैसे आईवडिलांना भरावे लागत, त्यामुळे तो गरजेपुरताच वापरला जाई. ऐपतीअभावी डोळे वाचण्याचे असे उदाहरण वैद्यकात विरळाच सापडेल. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मेरी क्रॉस आणि फिलिप जेमसन एव्हान्स यांनाही तेच दिसले. तिथे १९४८ पूर्वी हा आजार जवळपास माहीतच नव्हता. त्या वर्षी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, नव्या यंत्रांना पैसा मिळाला, प्राणवायूचा वापर वाढला आणि मागोमाग आंधळी बाळे दिसू लागली.

वॉशिंग्टनच्या गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटलमधल्या आर्नल पॅट्झ या शिकाऊ नेत्रतज्ज्ञाने हीच शंका प्रयोगाने तपासायचे ठरवले. सरकारी अनुदान मागितले, तर प्राणवायू कमी करून बाळांचे जीव धोक्यात घालण्याची ही योजना आहे असे म्हणून ते नाकारले गेले. पॅट्झ यांनी भावाकडून पैसे उसने घेतले आणि बालरोगतज्ज्ञ लेरॉय होएक यांच्यासह काम सुरू केले. एका गटाला ६५ ते ७० टक्के प्राणवायू काही आठवडे, दुसऱ्याला ४० टक्क्यांच्या आत आणि तोही गरज भासली तरच. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना कमी प्राणवायूच्या बाळांची दया येई. त्या गुपचूप तोटी वाढवत आणि सकाळी पुन्हा कमी करत. इतके होऊनही १९५२ मध्ये आलेला निकाल स्पष्ट होता. जास्त प्राणवायूच्या गटात सुमारे एक चतुर्थांश बाळांनी आजाराची गंभीर अवस्था गाठली, दुसऱ्या गटात जवळजवळ कोणीच नाही.

प्राणवायू डोळा कसा बिघडवतो, हे लंडनच्या नॉर्मन अॅश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवले. मांजरीची पिल्ले या कामी सोयीची, कारण जन्मतेवेळी त्यांच्या दृष्टिपटलाची वाढ अपुरी असते. माणसाच्या गर्भात दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या सुमारे सोळाव्या आठवड्यात डोळ्याच्या मज्जातंतूपाशी उगम पावतात आणि कडांकडे पसरत जातात. नाकाकडची कड त्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची पूर्ण दिवस भरेपर्यंत. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा बराचसा भाग म्हणून रक्तवाहिन्यांविनाच असतो. जास्त प्राणवायूत कोवळ्या वाहिन्या आकसून बुजतात आणि त्यांची वाढ थांबते. पुढे बाळ साध्या हवेत आले, पडद्याची स्वतःची गरज वाढली, की तो भाग गुदमरू लागतो आणि रक्तवाहिन्या मागवणारे रासायनिक संदेश सोडतो. असा काही पदार्थ असावा, असे आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच म्हटले होते. नव्या वाहिन्या येतात, पण वेड्यावाकड्या, गळक्या, पडदा सोडून डोळ्याच्या पोकळीत घुसणाऱ्या. त्यांचे व्रण आक्रसले की पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो. क्लिफर्ड यांना बाहुलीमागे दिसलेला करडा पडदा म्हणजे हे सुटलेले, गोळा झालेले दृष्टिपटल. हा रासायनिक संदेश वाहणारे मुख्य प्रथिन व्हीईजीएफ या नावाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओळखले गेले.

तरीही अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ एकदम मानायला तयार नव्हते. अखेर १ जुलै १९५३ पासून वर्षभर १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी घेतली. संयोजक होते किन्से. प्राणवायू कमी केला तर बाळे मरतील, असे एका बाजूचे म्हणणे. जास्त दिला तर आंधळी होतील हे आता माहीत असताना तो देणेच अनैतिक, असे दुसऱ्या बाजूचे. तोडगा असा निघाला की पहिल्या तीन महिन्यांत दर तीन बाळांपैकी एकाला रूढ पद्धतीने, म्हणजे ५० टक्क्यांहून जास्त प्राणवायू २८ दिवस द्यायचा, आणि नंतर सगळ्यांनाच कमी. १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाची ७८६ बाळे चाचणीत आली. १९५४ च्या सप्टेंबरात निकाल जाहीर झाला. डोळ्यात कायमचे व्रण राहण्याचे प्रमाण रूढ गटात सुमारे एक चतुर्थांश होते आणि कमी प्राणवायूच्या गटात सहा-सात टक्के. मृत्यूंचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते. १९५६ मध्ये किन्से आणि पॅट्झ यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

या चाचणीतली एक अट पुढे फार महागात पडली. बाळ ४८ तासांचे झाल्यावरच ते चाचणीत घेतले जाई. अपुऱ्या दिवसांची सर्वाधिक बाळे दगावतात ती पहिल्या दोन दिवसांत, कच्च्या फुप्फुसांमुळे. त्या दोन दिवसांबद्दल चाचणीला सांगण्यासारखे काहीच नव्हते. पण निकाल लागताच रुग्णालयांनी प्राणवायू जन्मल्या क्षणापासून आखडता घेतला आणि ४० टक्के हा आकडा सीमारेषा होऊन बसला. ज्या बाळाला जगण्यासाठी ७० टक्के हवा होता त्यालाही ४० च्या वर द्यायला हात धजेना. अंधत्व झपाट्याने कमी झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९६० मध्ये मेरी एलन अॅव्हरी आणि एला ओपनहायमर यांनी जॉन्स हॉपकिन्समधल्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून दाखवले की श्वासाच्या आजाराने होणारे मृत्यू या काळात वाढले होते. १९७३-७४ मध्ये लंडनच्या केनेथ क्रॉस आणि डी. पी. जी. बोल्टन यांनी इंग्लंडच्या पहिल्या दिवसातल्या मृत्यूंचे आकडे तपासले आणि अंदाज मांडला, की टाळलेल्या प्रत्येक अंधत्वामागे सुमारे १६ बाळे दगावली असावीत. या आकड्यावर वाद झाले, कारण काळानुसार इतरही गोष्टी बदलत होत्या. तरी एका अवयवाचा निकाल पाहून सगळ्या बाळाचा उपचार ठरवला गेला होता, एवढे त्यातून नक्की दिसते. सिल्व्हरमन यांनी १९८० मध्ये या सगळ्या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्यांचा रोख प्राणवायूपेक्षा डॉक्टरांच्या खात्रीवर अधिक होता.

मुळात मोजमापच चुकीच्या जागी होत होते. पेटीतल्या हवेत किती टक्के प्राणवायू आहे ते मोजले जाई. बाळाच्या रक्तात किती पोचला, हे कोणाला ठाऊक नसे. निरोगी फुप्फुसांच्या बाळाला ४० टक्केही जास्त होतात आणि आजारी फुप्फुसांच्या बाळाला ८० टक्केही पुरत नाहीत. रक्ताच्या थेंबावरून प्राणवायूचा दाब मोजणे १९६० च्या दशकात शक्य झाले, त्वचेवरून मोजणारी विद्युतअग्रे १९७० च्या दशकात आली. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी याच दशकाच्या सुरुवातीला पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली आणि १९८० च्या दशकात तळपायाला गुंडाळायची ती लाल दिव्याची पट्टी नवजात कक्षांत सर्वत्र दिसू लागली. तिलाही मर्यादा होती. रक्तातले हिमोग्लोबिन किती भरले ते ती सांगते. हिमोग्लोबिन एकदा पूर्ण भरले की पडद्यावर ९९ किंवा १०० दिसते. त्यापुढे रक्तातला दाब ९० आहे की ३००, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून प्राणवायू चालू असलेल्या बाळाच्या यंत्रावर शंभराचा आकडा दिसला, तर तो समाधानाचा नसून धोक्याचा मानावा लागतो.

दरम्यान आजार परतला होता. कृत्रिम श्वास, फुप्फुसे उघडी ठेवणारा सततचा हवेचा दाब आणि पुढे सरफॅक्टंट हे फुप्फुसे मिटू न देणारे द्रव्य यांमुळे हजार ग्रॅमच्या आतली बाळे जगू लागली. त्यांचे डोळे इतके कच्चे, की प्राणवायू जपून देऊनही काहींना आजार होई. प्राणवायू हे एकमेव कारण नाही, अपुरी वाढ हेच मूळ, हे यातून स्पष्ट झाले आणि जुन्या नावाऐवजी रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजेच आरओपी, हे नाव रूढ झाले. पण आता उपचारही हाताशी होते. दृष्टिपटलाचा रक्तवाहिन्यांविना राहिलेला भाग गोठवला तर अंधत्वाचे प्रमाण घटते, असे १९८८ मध्ये अमेरिकी चाचणीने दाखवले. नंतर गोठवण्याची जागा लेझरने घेतली आणि पुढे व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शनेही वापरात येऊ लागली.

रक्तातला प्राणवायू नेमका किती ठेवावा, हा १९५४ चा प्रश्न मात्र नव्या शतकापर्यंत सुटला नव्हता. तो सोडवण्यासाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पाच चाचण्या एकाच धर्तीवर झाल्या. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांचे दोन गट. एकात हिमोग्लोबिनची संपृक्तता ८५ ते ८९ टक्के ठेवायची, दुसऱ्यात ९१ ते ९५. पाहणाऱ्यांना गट कळू नये म्हणून ऑक्सिमीटर मुद्दाम थोडे चुकते लावले होते. खाटेजवळच्या परिचारिकेला दोन्ही गटांत ८८ ते ९२ हाच आकडा राखायचा असे. खरा आकडा त्याच्या खाली किंवा वर असे. अमेरिकेच्या सपोर्ट चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. कमी प्राणवायूच्या गटात गंभीर आरओपी ८.६ टक्के, जास्तच्या गटात १७.९. इथवर जुन्या समजुतीप्रमाणे. पण कमीच्या गटात घरी जाण्याआधी १९.९ टक्के बाळे दगावली होती, दुसऱ्या गटात १६.२. पाचही चाचण्यांतल्या ४,९६५ बाळांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये आला तेव्हाही मृत्यूंचा फरक टिकून राहिला: १९.९ विरुद्ध १७.१ टक्के. उपचार लागण्याइतके आरओपी १०.९ विरुद्ध १४.९ टक्के. क्रॉस आणि बोल्टन यांनी जुन्या नोंदींवरून केलेला तर्क अशा रीतीने पहिल्यांदा रीतसर तोलला गेला. आईवडिलांना सपोर्ट चाचणीतले धोके नीट सांगितले गेले नव्हते, असा ठपका अमेरिकी सरकारच्या देखरेख कार्यालयाने २०१३ मध्ये ठेवला आणि त्यावरून संशोधकांत दोन तट पडले. आता बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ टक्क्यांची पट्टी पाळतात आणि डोळ्यांचा वाढीव धोका तपासणी व लेझरने सांभाळतात.

हा तोडगा तपासणीची सोय असेल तिथेच लागू पडतो. भारत, चीन, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांत १९९० च्या दशकापासून जी लाट आली तिला लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट यांनी आरओपीची तिसरी साथ म्हटले. पहिल्या साथीत प्राणवायू बेसुमार होता, दुसरीत बाळे फार लहान होती. इथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. भारतात नवजात बाळांसाठीचे विशेष कक्ष जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचले आणि बाळे वाचू लागली. पण हवा आणि प्राणवायू हव्या त्या प्रमाणात मिसळणारी यंत्रे सगळीकडे नव्हती. सिलिंडरमधला शुद्ध प्राणवायू थेट बाळाच्या नाकाशी जाई, ऑक्सिमीटर अपुरे पडत आणि एका परिचारिकेकडे बरीच बाळे असत. परिणामी पाश्चात्त्य देशांत ज्यांना आज हा आजार सहसा होत नाही अशा दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही तो इथे होतो.

त्यामुळे अमेरिकेची तपासणीची मर्यादा इथे जशीच्या तशी चालत नाही. तिथे १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांपर्यंतची बाळे तपासतात. भारतीय मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा २००० ग्रॅम आणि ३४ आठवड्यांपर्यंत नेली आहे. त्याहून मोठे बाळ फार आजारी पडले असेल तर त्याचेही डोळे पाहायचे असतात. नेत्रतज्ज्ञांची वाण असल्याने कर्नाटकात २००८ पासून आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या नवजात कक्षांत कॅमेरा घेऊन जातात, पडद्याची छायाचित्रे घेऊन जागेवरच प्राथमिक निदान करतात आणि बंगळुरूचे तज्ज्ञ ती पाहतात. वेळ या आजारात फार कमी मिळतो. जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हावी लागते, आणि बाळ २८ आठवड्यांच्या आतले किंवा १२०० ग्रॅमहून हलके असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. उपचाराची गरज दिसली तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत द्यावे लागते. पडदा सुटल्यावर शस्त्रक्रिया करूनही फारशी दृष्टी परत येत नाही.